देवमनचं बाळंतपण

"कानाले बांधलेलं सोडू नका, सांगतलं ना मी तुमाले?"

केशरबाईनं तव्यावरची भाकरी तशीच सोडली, पीठभरल्या हातांनी बाहेरच्या खोलीत आली आणि नवऱ्याच्या डोक्यावरचा मफलर पुन्हा करकचून बांधला. बाजेवर पडलेल्या देवमननं डोळे मिटून घेतले. त्याच्या कपाळावरून घामाची धार निघून थेट मफलरात मुरत होती.

"अवं, मे महिना आहे," तो म्हणाला. "बाहेर कावळे चोच उघडून बसले, अन् तू माह्या बाजीखाली शेगडी ठेवून राह्यली."

"वारं बाधते."

"वारं आहे कोठी? अन् मले काय लेकरू झालं काय?"

आतल्या चुलीपाशी बसलेली सून, रूपा, ओढणी तोंडात कोंबून हसली. हसणार नाही तर काय? जऊळक्याच्या स्टेशनमागच्या वस्तीत त्या दिवसांत हसण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. रोज कुठल्या ना कुठल्या घराला पत्रे ठोकलेले, रोज कोणाच्या ना कोणाच्या फोनवर रडणं. अशात देवमन गँगमनचं बाळंतपण चालू आहे ही बातमी वस्तीत गेली, आणि लोकांनी मास्कच्या आत का होईना, पोट धरून हसून घेतलं. येणारा-जाणारा दारापासून चार हात लांब उभा राहून विचारायचा, काय गा देवमनदादा, बारसं कधी? देवमनही कमी नव्हता. तो आतून ओरडायचा, आत्याबाईले बोलवा, पाळणा रिकामा आहे.

पण हसण्यावर नेण्यासारखं ते नव्हतं, निदान केशरबाईसाठी नव्हतं.

देवमन दोन आठवडे वाशीमला कोरोनाच्या वॉर्डात काढून आला होता. नाकाला नळी, दोन्ही हात सुयांनी काळेनिळे. आणि तो परत आला, स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरला. त्याच आठवड्यात वस्तीतून गेलेली तीन माणसं परत आली नाहीत. मरणाच्या दारातून परत आलेलं शरीर कसं सांभाळायचं, हे केशरबाईला एकाच रीतीनं माहीत होतं, आणि ती रीत तिच्याइतकी पंचक्रोशीत कोणाला माहीत नव्हती. लग्न होऊन आल्यापासून ती हेच करत आली होती. लेकराला न्हाऊ घालायचं, बाळंतिणीला चोळायचं, शेकायचं, कोणाचा पाय मुरगळला, कोणाची मान धरली, कोणाच्या कमरेत उसण भरली, की केशरबाई. ज्वारीच्या सुगीत तर तिच्या अंगणात लंगडणाऱ्यांची अशी रांग लागायची की देवमन म्हणायचा, आपल्या घरी स्टेशनापेक्षा जास्त पॅसेंजर.

तर तिनं ठरवलं, सव्वा महिना. सव्वा महिना हा माणूस बाजेवरून उठणार नाही. कानाला फडकं, बाजेखाली शेगडी, सकाळी डिंकाचा लाडू, संध्याकाळी सुंठेचा काढा. पाणी बेतानं, आणि तेही ओवा घालून उकळलेलं, कारण ओल्या अंगाला पाणी जास्त झालं की पोट सुटतं, सांधे धरतात. जिला-जिला तिनं असं सांभाळलं ती-ती उठून शेतात कामाला गेली. मग नवऱ्यात काय वेगळं होतं? उलट नवऱ्याच्या बाबतीत तर तिनं जास्तच केलं. बाळंतीण निदान मोरीपर्यंत जाते. देवमनला तिनं तेही जाऊ दिलं नाही. सगळं बाजेवर.

ज्या माणसानं आयुष्यभर रेल्वेचे रूळ पायांखाली घातले, रोज खांद्यावर हातोडा टाकून या सिग्नलपासून त्या सिग्नलपर्यंत चालत गेला, निवृत्तीनंतरही सवयीनं पहाटे उठून फाटकापर्यंत जाऊन यायचा, तो आता छताचे पत्रे मोजत पडला होता. केशरबाईला त्याचं सुख वाटत होतं. पहिल्यांदाच हा बाबा घरात सापडला होता.

घरी सोडताना एका तरुण डॉक्टरनं रूपाला काही सांगितलं होतं. घरातल्या घरात चालू द्या, पाणी भरपूर पाजा, या रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चुकवू नका, आणि गोळ्या संपल्या की दाखवायला आणा. रूपानं घरी येऊन ते सगळं शब्दाला शब्द सांगितलं. सासूनं गोळ्या मात्र न चुकता दिल्या, तिथं तिनं कुचराई केली नाही. बाकीचं ऐकून ती म्हणाली, त्या पोराच्या ओठावर मिसरूड फुटून किती दिवस झाले? त्यानं कधी कोण्या बाळंतिणीले उठवून बसवलं काय? रूपाची स्वतःची दोन्ही बाळंतपणं याच बाजेवर झाली होती. दोन्ही वेळा ती टुणटुणीत उठली होती. बोलणार कोणत्या तोंडानं?

गोळ्या संपल्या. दाखवायला जायचा विषय निघाला की देवमन भिंतीकडे तोंड करून झोपायचा, आणि केशरबाईही तो विषय ताणायची नाही. वाशीमचं नाव काढलं की तीच उठून चुलीकडे जायची.

त्या सकाळी मफलर बांधून झाल्यावर ती पांघरूण सारखं करायला वाकली, आणि देवमननं डावा पाय झटकन आत ओढून घेतला.

"काय झालं?"

"काई नाई. मुंगी चावली."

केशरबाईला पायांबद्दल खोटं सांगणं म्हणजे स्टेशन मास्तरला गाडीच्या वेळेबद्दल खोटं सांगणं. तिनं पांघरूण फर्रकन बाजूला केलं, पायजमा गुडघ्यापर्यंत सरकवला आणि बघतच राहिली. उजवा पाय सुकलेल्या तुराटीसारखा झाला होता. डावा मात्र घोट्यापासून वर फुगला होता, कातडी ताणून चकचकीत. पोटरी कच्च्या पपईसारखी टणक. तिनं हात धुतला, पदराला पुसला, आणि तळवा नाही तर हाताची मागची बाजू अगोदर उजव्या पोटरीला लावली, मग डाव्या. उजवी थंड होती. डावी तापलेली होती.

"कधीपासून?"

"काल सकाळपासून ओढून राह्यली. पडून-पडून पायात गोळे आले असतीन."

तिची सासू सोजरबाई, जिच्याकडून तिनं हे सगळं घेतलं, तिचा एक नियम होता. गरम पाय आपला नाही. थंड सूज असेल, लचक असेल, नस चढली असेल, बसा आणि हवं तेवढं चोळा. पण पाय तापलेला असला की त्यात काय शिजतंय ते आपल्याला दिसत नाही, त्याला तेलाचं बोटही लावायचं नाही, सरळ दवाखाना दाखवायचा. केशरबाईनं हा नियम इतकी वर्षं पाळला होता. मागं भिवाजी पाटकर असाच सुजलेला पाय घेऊन आला, तर तिनं त्याला ओट्यावर चढूही दिलं नव्हतं. तो शिव्या देत गेला, दवाखान्यात त्याच्या पायातून वाटीभर पू निघाला, आणि पुढच्या पोळ्याला त्यानं तिला लुगडं नेसवलं.

रूपा दारात येऊन उभी राहिली होती. तिनं पाय पाहिला. ती म्हणाली, आपण आजच वाशीमला जाऊ, शेजारच्या संघदीपची व्हॅन घरीच उभी आहे.

वाशीम म्हटल्याबरोबर देवमन उठून बसला. मफलर गळ्यात उतरला.

"नाई," तो म्हणाला. "केशर, मले तिथं पाठवू नको."

"अजी, नुसतं दाखवाचं..."

"नुसतं कोणी नाई दाखवत. ठेवून घेतात. माह्या बाजूच्या खाटेवर पुंजाजी होता, तुले सांगतलं नाई मी. चांगला माणूस. सकाळी मले म्हणे, देवमनभाऊ, आज चहा आला की दोघं मिळून पिऊ. चहा आला तवा त्याले प्लास्टिकमधी बांधून राह्यले होते. त्याच्या बायकोले तोंड नाई दिसलं त्याचं." तो धाप लागून थांबला. मग त्यानं तिचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "पाठवणार नाई म्हण."

एवढ्या वर्षांत या माणसानं तिच्यापुढं कधी काही मागितलं नव्हतं. मागायची त्याची रीतच नव्हती. मीठ कमी असलं तरी तो उठून स्वतः घ्यायचा.

"नाई पाठवत," केशरबाई म्हणाली.

"मग तूच पाह्य ना पायाचं. अख्ख्या गावाचं दुखणं तुह्या हातानं जाते. माह्यं नाई जाणार?"

इथं ती हरली. दुसऱ्या कोणाचा पाय असता तर तिनं ओट्यावरून हाकललं असतं. पण हाकलायचं कुठं? ज्या जागेच्या नावानं हा माणूस लेकरासारखा थरथरत होता, तिथं? तिनं स्वतःची समजूत घातली. पूच असेल असं काही नाही. पडून-पडून आखडलाच असेल. मऊ हातानं, अगदी तान्ह्या लेकराला चोळावं तसं चोळलं तर काय होणार?

तिनं लसूण-ओवा टाकून तिळाचं तेल कढवलं. रूपा अजून दारातच होती.

"आई, पाय गरम आहे म्हणता ना तुमी? मग?"

"तू भाकरी पाह्य. जळून राह्यली."

भाकरी कधीचीच जळली होती.

केशरबाई बाजेच्या कडेला बसली. पाय मांडीवर घेतला आणि घोट्यापासून वर, घोट्यापासून वर, पोटरी चोळू लागली. तेलाखाली तिला तो कडकपणा लागत होता. गोळा आला की तो हाताखाली सैल होत जातो, मेणासारखा, हे तिला झोपेतही कळलं असतं. हा सैल होत नव्हता. तिचा हात म्हणत होता थांब, आणि देवमन म्हणत होता बरं वाटते. ती त्याचं ऐकत राहिली.

त्याला खरंच बरं वाटलं. तो चक्क दोन घास जास्त जेवला, सुनेला म्हणाला, तुह्या सासूचा हात सोन्यानं मढवाले पायजे, आणि पुण्याच्या कंपनीत अडकलेल्या मुलाला, अश्वजितला, फोन लावायला सांगून त्यालाही हेच सांगितलं. मग त्याला झोप लागली. केशरबाई त्याच्या पायाशी बसून पंख्यानं वारा घालत राहिली. वारं बाधतं हे ती त्या दुपारी विसरली होती.

उन्हं कलली तेव्हा स्टेशनात मालगाडी येत होती. तिचा धडधडाट घरापर्यंत यायचा, भांडी वाजायची. देवमन जागा झाला. का कोणास ठाऊक, पण तो पाय खाली सोडून उभा राहिला. कोणी अडवायच्या आत चारेक पावलं टाकून दारापर्यंत गेला, आणि चौकट धरून थांबला.

केशरबाईनं पाठीमागून पाहिलं. त्याचे खांदे वर गेले आणि खाली आलेच नाहीत.

ती धावली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ निळे, तोंड उघडं. हवा आत घ्यायला तो धडपडत होता आणि हवा काही केल्या आत जात नव्हती. रूपानं आणि तिनं त्याला कसंबसं बाजेवर आणलं. तो छातीवर हात ठेवून एवढंच म्हणाला की कोणी तरी वर बसलंय.

"रूपा, संघदीपले आवाज दे," केशरबाई म्हणाली. "गाडी दारात लाव म्हण."

त्या अवस्थेतही देवमननं ते ऐकलं. त्यानं दोन्ही हातांनी बाजेचं लाकूड पकडलं. हातोडा धरणारे हात ते, धरलं की धरलं. संघदीप आला, त्यानं काखेत हात घालून उचलायला पाहिलं, तर बाजच उचलली जाऊ लागली.

"शपथ," देवमन म्हणाला. एवढा एकच शब्द निघाला त्याच्या तोंडून.

"मोडली म्या शपथ," केशरबाई म्हणाली, आणि खाली बसून तिनं त्याचं एकेक बोट लाकडावरून सोडवलं. सोडवलेलं बोट पुन्हा चिकटायला गेलं की ते आपल्या मुठीत धरायचं आणि पुढचं सोडवायचं, असं करत-करत दोन्ही हात तिनं मोकळे केले. "चला आता."

व्हॅनच्या सगळ्या काचा उघड्या होत्या. त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. वाशीमच्या रस्त्यावर लॉकडाऊनमुळे चिटपाखरू नव्हतं, फक्त नाक्यावर पोलीस होता, आणि त्यानं गाडीत डोकावून पाहिल्याबरोबर काठी बाजूला घेतली.

सरकारी दवाखान्यात अगोदर कोरोनाची तपासणी झाली. ती निगेटिव्ह आली म्हणून देवमनला दुसऱ्या बाजूच्या वॉर्डात घेतलं आणि बायकोला जवळ थांबता आलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोटाला चिमटा, टीव्हीसारखं एक यंत्र. डॉक्टर एक तरुण बाई होत्या, बोलण्यावरून पुण्याकडच्या. त्यांनी छाती तपासली, मग चादर वर केली आणि डाव्या पायापाशी थांबल्या.

"हा पाय कोणी चोळला होता का?"

तेलाचा वास तर अख्ख्या खोलीत येत होता. रूपानं मान खाली घातली. संघदीप दारात उभा होता, तो सासूकडे पाहू की सुनेकडे अशा पेचात छताकडे पाहू लागला. आणि मास्कच्या आत धापा टाकणाऱ्या देवमननं मान हलवली. नाही. एकदा हलवून भागलं नाही म्हणून हातही हलवला. नाही, नाही.

केशरबाईनं आपले हात पदराखाली लपवले.

तपासण्या झाल्या. पायाची सोनोग्राफी, छातीचं सीटी. मग डॉक्टरबाईंनी दोघींना बाहेर बोलावून समजावून सांगितलं. पायातल्या मोठ्या नसेत रक्त गोठून गाठ झाली होती. त्या गाठीचा तुकडा सुटून वर गेला आणि फुप्फुसाच्या नसेत जाऊन अडकला. रक्त पातळ करणारं इंजेक्शन सुरू केलं आहे, नवी गाठ होणार नाही आणि जुनी हळूहळू विरेल. पण पुढचे दोन दिवस काळजीचे.

"पण असं झालंच काहून?" केशरबाईनं विचारलं.

डॉक्टरबाई दमलेल्या होत्या, तरी त्यांनी नीट सांगितलं. या आजारात रक्त गोठायला बघतंच, माणूस घरी गेल्यावरही काही आठवडे. म्हणून तर गोळ्या देतात. त्यात माणूस दिवसरात्र पडून राहिला, चालला नाही, तर पायातलं रक्त साचतं. पाणी कमी पडलं, अंगातून घाम फार गेला, तर रक्त आणखी दाट होतं. त्या हे सगळं कोण्या परक्या माणसाविषयी सांगावं तसं सांगत होत्या, आणि केशरबाईला प्रत्येक वाक्यात आपली बाहेरची खोली दिसत होती. ती बाज, ती शेगडी, ओव्याच्या पाण्याची ती छोटी वाटी.

"अन् कोणी पाय चोळला," ती म्हणाली, "तर थे गाठ सुटते काय?"

"सुटू शकते. म्हणूनच विचारलं. पण न चोळताही सुटते, नुसतं उभं राहिलं तरी. नक्की कशानं सुटली हे कोणालाच सांगता येत नाही."

केशरबाईला त्या क्षणी वाटलं, बाईनं नक्की सांगायला हवं होतं. हो म्हणाली असती तर आयुष्यभर तेवढं घेऊन बसता आलं असतं. नाही म्हणाली असती तर घरी जाऊन झोपता आलं असतं.

दोन दिवस ती खाटेजवळच्या फरशीवर बसून राहिली. रूपा डबा घेऊन येई, तो तसाच परत जाई. देवमनच्या पोटाच्या चरबीत सकाळ-संध्याकाळ एक छोटी सुई टोचत. पहिल्या दिवशी त्याच्या श्वासाबरोबर तिची मान वर-खाली व्हायची. श्वास अडकला की तीही थांबायची. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्रातले आकडे सुधारले असं कोणी तरी म्हणालं. तिला आकडे कळत नव्हते, पण त्याच्या ओठांचा रंग कळत होता, आणि तो परत येत होता. तिसऱ्या सकाळी डॉक्टरबाई म्हणाल्या, धोका बराच टळला. गोळ्या मात्र काही महिने चालतील, आणि पहिल्यासारखं लांब चालायला किती दिवस लागतील, लागतील की नाही, आत्ता सांगता येणार नाही.

केशरबाईनं हात जोडले. मग जोडलेले हात तिनं मांडीवर ठेवले आणि पदराखाली घेतले. तीन दिवस ती हात तिथंच ठेवत होती. देवमनच्या अंगावरची चादरही ती रूपाकडून सारखी करून घ्यायची.

वॉर्डातली नर्स सुकेशनी इंझोरीकडची होती. बोलायला चटपटीत, हाताला हलकी. त्या दुपारी ती सुई द्यायला आली, पायजम्याची नाडी सैल करता-करता तिचं लक्ष पायाकडे गेलं. इतक्या वेळा पुसूनही कातडीवर तेलाची तकाकी होती.

"तुमच्या त्या गावात चोळणाऱ्या बाया असतात ना," ती म्हणाली, "त्यायचे हात बांधून ठेवाले पायजे. मागच्या महिन्यात एक असाच आला होता. वाचला नाई थो."

ती कोणाला टोचून बोलत नव्हती. दिवसभरात दहा जणांना सांगते तसं सांगत होती. पण देवमननं मास्क ओढून हनुवटीवर घेतला.

"ओ बाई," तो म्हणाला. आवाज फुटत नव्हता, तरी शेजारच्या खाटांवरच्या माना वळल्या. "माह्या बायकोनं जऊळक्यातले अर्धे लेकरं उभे केले. स्टेशन मास्तरचा पोरगा चालत नव्हता, थो आज पोलीस भरतीले पळून राह्यला. हाताचं नाव नका काढू."

"मास्क लावा आजोबा."

"लावतो. तुमी अगोदर शब्द परत घ्या."

सुकेशनीनं सुई हातात धरून त्याच्याकडे पाहिलं, मग खाली फरशीवर बसलेल्या बाईकडे. केशरबाई उठून उभी राहिली. गुडघे वाजले.

"शब्द राहू द्या," ती म्हणाली. "पाय म्याच चोळला. गरम होता हे समजलं होतं मले. तरी चोळला."

सुकेशनीनं सुई दिली, बोळा दाबून धरला, मास्क वर चढवला आणि ट्रे घेऊन पुढच्या खाटेकडे गेली.

देवमननं मान केशरबाईकडे वळवली. मग मास्कच्या आतून, दबक्या आवाजात म्हणाला, "काहून सांगतलं वं? थे नर्स उद्या बदलून जाईन. तुले त्याच गावात राहाचं आहे."

"तुमाले बी राहाचं आहे," केशरबाई म्हणाली.

त्यानं डोळे मिटले. ती पुन्हा फरशीवर बसायला वाकली, तेवढ्यात सुकेशनी परत आली. या वेळी तिच्या हातात ट्रे नव्हता.

"आजी, बसू नका. काम आहे," ती म्हणाली. "याईचा उजवा पाय चांगला आहे. थो चांगलाच राह्यला पायजे, त्यात नको व्हाले गाठ. आता बाबा स्वतः पंजा वर-खाली करतीन. वर ओढाचा, खाली दाबाचा. दर तासाले थोडं-थोडं. टाच घासते गादीले, म्हणून टाचेखाली कोणी तरी हात ठेवा लागते. मले इतके पेशंट आहेत, मी कोठी-कोठी उभी राहू?"

केशरबाईनं हात पदराखालून काढले नाहीत. रूपा आली की ठेवेल, असं ती पुटपुटली.

"रूपा संध्याकाळी येईन. या इकडं." सुकेशनीनं तिचे दोन्ही हात धरून बाहेर काढले आणि एक हात देवमनच्या टाचेखाली नेऊन ठेवला. "असा. नुसता ठेवाचा. दाबाचं नाई, चोळाचं नाई. जे कराचं थे बाबा करतीन."

टाच जड होती. रूळांच्या खडीवर आयुष्यभर घासून तिला पडलेल्या भेगा अजून तशाच होत्या, आणि पाय थंड होता, निरोगी माणसाचा असावा तेवढाच थंड. देवमननं पंजा वर ओढला. त्याला एवढ्यानंही दम लागला. तो थांबला, मग खाली दाबला. पुन्हा वर.

केशरबाईच्या तळव्यात पोटरीची नस हलल्यासारखी जाणवली. तिचा अंगठा आपोआप वळला, टाचेच्या कडेनं वर सरकायला निघाला. तिनं तो उचलून हवेत धरला आणि तसाच धरून ठेवला.

"वर," ती म्हणाली. "हं. आता खाली."